संवर्धित वास्तव आणि बालकांचा शब्दसंग्रह

मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर संगणकाने रचलेले त्रिमितीय चित्र, अक्षरे किंवा आवाज जागच्या जागी बसवण्याच्या तंत्राला संवर्धित वास्तव म्हणतात. बोलण्यात ‘एआर’ हेच नाव रुळले आहे. लहान मुलांना नवे शब्द शिकवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. शेकरूचे छापील कार्ड बाकावर ठेवून त्यावर मोबाइल धरला, की पडद्यावर कार्डावर बसलेले शेकरू दिसते, त्याचे नाव ऐकू येते आणि कार्ड फिरवले की पाठ, शेपूट समोर येते. सॉफ्टवेअर कार्डावरच्या चित्रातील ठळक कोपरे ओळखून त्याचा कोन आणि अंतर सतत मोजत राहते, म्हणून आकृती हाताबरोबर हलते. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड म्हणजे एआर नव्हे. तो स्कॅन केला की दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ किंवा स्वाध्याय उघडतो, पानावर काही उभे राहत नाही.

या तंत्राचा पाया आयव्हन सदरलंड यांच्या १९६८ च्या डोक्यावर घालायच्या पडद्यात आहे. नाव मात्र १९९० च्या दशकारंभी बोइंग कंपनीत, विमानातील तारांची जोडणी सोपी करण्याच्या खटपटीतून पडले. पुस्तकाच्या पानावर त्रिमितीय दृश्य उभे करणारे ‘मॅजिकबुक’ २००१ च्या सुमारास आले.

शब्द शिकण्याच्या दृष्टीने एआरची खरी जमेची बाजू म्हणजे चित्र, आवाज आणि मुलाचा हात यांची एकाच वेळी पडणारी गाठ. पण मूल नवा शब्द ऐकते तेव्हा तो बहुधा संपूर्ण वस्तूचेच नाव समजते, तिच्या भागाचे किंवा गुणाचे नव्हे. त्यामुळे ‘शेकरू’ लवकर पक्के होते. ‘झुबकेदार’ हा गुण, ‘फांदीवरून फांदीवर’ ही हालचाल किंवा ‘खार’ आणि ‘शेकरू’ यांतला फरक हे मात्र मोठ्या माणसाने बोट ठेवून, विचारून, पुन्हा विचारून शिकवावे लागते. ते बोलणे नसेल तर मूल पडद्यात रमते, शब्द मात्र तसाच राहतो. पहिल्या काही तासांचा उत्साहही पुढे टिकतोच असे नाही. ‘उद्या’, ‘उसने’, ‘कंटाळा’ असल्या शब्दांना कार्ड फारसे उपयोगी नाही. शिवाय कार्डावर हत्ती आणि शेकरू सारख्याच मापाचे दिसतात. शेपटीसकट जवळजवळ मीटरभर भरणारे शेकरू मुलाला उंदराएवढे वाटू शकते. सोबत मोजपट्टी धरावी.

सातारा जिल्ह्यात कार्डे निवडताना आणखी एक विवेक लागतो. कराड, फलटण, कोरेगावकडच्या मुलाला ऊस, बैलगाडी, गुऱ्हाळ पडद्यावर दाखवणे हा निव्वळ खटाटोप. वस्तू दारातच आहे. माण-खटावच्या मुलासाठी जहाज किंवा देवमासा हे मात्र योग्य विषय. शेकरू हा राज्यप्राणी महाबळेश्वर-कोयनेच्या जंगलात आहे खरा, पण वर्गात बसून तो कुणाला दिसत नाही. कासच्या पठारावर फुलांचा बहर साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो, तेव्हा चैत्रात ‘तेरडा’ शिकवायचा तर कार्डाचा आधार घ्यावा आणि बहर आला की मुलांना पठारावर न्यावे.

अडचणी साध्याच आहेत. अंधाऱ्या खोलीत चित्र ओळखले जात नाही, चकचकीत लॅमिनेशनवर प्रकाश परावर्तित होतो, आणि प्रत्यक्ष जमिनीवर आकृती उभी करणारी प्रगत ॲप्स स्वस्त फोनवर अनेकदा चालत नाहीत. छापील कार्डावर चालणारी ॲप्स त्यामानाने साध्या फोनवरही चालतात. एका फोनभोवती सगळा वर्ग जमला तर मागच्यांना काहीच दिसत नाही, म्हणून चार-पाच जणांचे गट करावेत. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा पाहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवले. घरच्या मोबाइलचा वेळही त्यातच धरायचा.

यंत्राच्या आवाजाकडे शिक्षकाने कान देणे भाग आहे. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील च निरनिराळे आहेत, ‘ळ’चा ‘ल’ होऊन चालत नाही, आणि हिंदीच्या वळणाचा तयार आवाज दोन्हीकडे चुकू शकतो. ॲपमध्ये आवाज भरायची सोय असेल तर अंगणवाडीतल्या ताईंनी आपल्या आवाजात नावे भरावीत. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची मुले वर्गात येतात, त्यांच्या घरचा वेगळा शब्द असेल तर त्याच कार्डाला तोही जोडता येतो.