ठासणीची शिकारी बंदूक : बार न पेटणे आणि नेम चुकणे

जिच्या नळीत दारू व गोळी पुढच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते, ती ठासणीची बंदूक होय. काडतुसाच्या बंदुकीत दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी कारखान्यातच एकत्र बांधली जाते. ठासणीच्या बंदुकीत ही जुळणी प्रत्येक बाराच्या वेळी शिकाऱ्याला स्वतः करावी लागते, आणि तीही बहुधा उघड्यावर, थंडीत किंवा पावसाच्या झिमझिमीत. म्हणूनच या बंदुकीच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ लोखंडात नसून भरणीत असते. बार पेटत नाही किंवा रेंगाळून पेटतो, ही एक तक्रार. बार नीट उडूनही गोळी नेमाच्या जागी जात नाही, ही दुसरी. या दोन्हींची कारणे वेगवेगळी शोधण्याची रीत असली, तरी पुष्कळदा ती नळीच्या बुडाशी साचलेल्या एकाच ओलसर काजळीपाशी येऊन थांबतात.

अशा बंदुकीने शिकार करण्याची चाल आज मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टिकून आहे. तेथील अनेक राज्ये हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम ठेवतात. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरचा हंगाम चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकांसाठी राखीव असतो. १९८५ साली मिसूरी राज्यातील टोनी नाइट यांनी एमके-८५ ही बंदूक बाजारात आणली. तिच्यात ठिणगी नळीच्या बाजूने न येता बुडातून सरळ रेषेत येते, आणि हाच ‘इनलाइन’ प्रकार पुढे सर्वाधिक खपू लागला. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर अशी शिकार उरलेली नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये मात्र पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि कोकणात रानडुकरे व माकडे यांच्यापासून शेतीची राखण करण्यासाठी असे परवाने घेतलेले शेतकरी आजही आढळतात. त्यांची बंदूक गुळगुळीत नळीची असते, त्यामुळे पुढे येणारे पिळाचे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचांचे, विवेचन तिला लागू पडत नाही. बार न पेटण्याची कारणे मात्र तिथेही तीच असतात.

बार पेटणे ही एक साखळी आहे. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या, म्हणजे चाप ओढताच आपटणाऱ्या भागाच्या, जबड्यात धरलेला गारेचा दगड पोलादी पात्यावर घासतो, ठिणग्या वाटीतील रंजकावर, म्हणजे पेट देण्यासाठी घातलेल्या बारीक दारूवर, पडतात, आणि रंजकाची ज्वाळा कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, आतल्या दारूपर्यंत जाते. वाटीत भक्कन उजेड होऊन नळीतला बार जागचा हलला नाही, तर दोष कानात आहे असे समजावे. तो काजळीने बुजलेला असतो, नाहीतर त्यात रंजकच गच्च भरलेले असते. दुसऱ्या स्थितीत ज्वाळेला मोकळी वाट न मिळता ती वातीसारखी कणाकणाने जळत जाते आणि बार लांबतो, म्हणून रंजक कानापासून किंचित दूर व थोडेच घालावे लागते. ठिणग्याच पडत नसतील, तर गारेची धार गेलेली असते किंवा पात्याचे पाणी उतरलेले असते. गार उलटी बसवून वा तिची धार टवके काढून ताजी करून पाहणे हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय.

केपाच्या बंदुकीची साखळी याहून आखूड आहे. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्सिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या चापयंत्राचे पेटंट १८०७ मध्ये घेतले. चकमकीचा उजेड दिसताच पक्षी उडून जातात, ही त्यांची अडचण होती, असे सांगितले जाते. तांब्याची केप पुढे याच तत्त्वावर आली. ती निपल नावाच्या पोकळ नळकीवर बसते आणि घोड्याच्या घावाने पेटते. केप फुटूनही बार न उडणे हा या प्रकारातील नेहमीचा दोष असून त्याचा धनी बहुधा तेल असते. बंदूक साफ करून, नळीला सढळ हाताने तेल लावून ती भिंतीला उभी टेकवली, की महिनाभरात ते तेल ओघळून बुडाशी, निपलच्या वाटेतच, जमते. त्यावर दारू ओतली, की तळचे दाणे भिजलेच. यावर जुन्या शिकाऱ्यांची एक सोपी परीक्षा आहे. नळी कोरड्या चिंधीने पुसून, ती पूर्ण रिकामी असल्याची गज घालून खात्री करून, तिचे तोंड जमिनीवरच्या एखाद्या वाळक्या पानापाशी धरावे आणि नुसती केप उडवावी. पान फडफडून बाजूला सरकले, तर वाट मोकळी आहे. ते जागचे हलले नाही, तर निपल काढून बारीक तारेने साफ करावी. ही परीक्षा दारू भरण्याआधीच करायची असते, हे वेगळे सांगायला नको, पण घाईत नेमका हाच क्रम उलटतो.

एका घावाने न पेटलेली केप दुसऱ्या घावाने पेटत असेल, तर ती निपलवर पुरती बसलेली नव्हती. पहिल्या घावाचा जोर तिला खाली बसवण्यातच गेला. केप आणि निपल यांची मापे जुळत नसल्यास हे वारंवार घडते.

दारूची जातही पाहावी लागते. काळी दारू म्हणजे सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती सहज पेट घेते. पायरोडेक्ससारख्या बदली दारूला अधिक उष्णता लागते, म्हणून चकमकीच्या बंदुकीत तिच्यावर विसंबता येत नाही. याच दारूच्या तयार वड्यांच्या एका टोकाला काळ्या दारूचा थर दिलेला असतो आणि तो ठिणगीच्या बाजूला ठेवावा लागतो. वडी उलटी पडली, की बार रेंगाळतो. ब्लॅकहॉर्न २०९ ही दारू तर छऱ्याच्या काडतुसात वापरल्या जाणाऱ्या २०९ क्रमांकाच्या जोरदार प्रायमरसाठीच, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोपीसाठीच, बनवलेली आहे. साध्या ११ क्रमांकाच्या केपने ती न पेटल्यास बंदुकीला बोल लावणे अन्यायाचे ठरेल. धूरविरहित दारू मात्र ठासणीच्या बंदुकीत, ती खास त्यासाठी बांधलेली नसेल तर, कधीही घालू नये, कारण तिच्या दाबाने नळी फुटते.

बार न उडाल्यास नळीचे तोंड निर्धोक दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे, कारण आत धुमसणारा बार मागाहून उडू शकतो. गडबडीत दारू न घालताच गोळी ठासली जाणे हा प्रमाद अनुभवी माणसाच्याही हातून होतो. अशा वेळी निपल काढून तिच्या भोकातून चिमूटभर दारू आत सारतात, गोळी गजाने पुन्हा तळापर्यंत दाबतात आणि मग ती उडवून काढतात. गोळी दारूपासून वर सुटलेली असताना बार उडवला, तर नळी त्या जागी फुगते. हा धोका एरवीच्या भरणीतही असल्यामुळे नेहमीचा बार पुरता बसला असता गज नळीच्या तोंडाशी जिथे येतो, तिथे त्याच्यावर खूण करून ठेवणे हा या बंदुकीतला सर्वांत स्वस्त विमा आहे. खूण बोटभर वर राहिली, तर खाली काजळी अडली आहे किंवा नळीत आधीचा बार तसाच आहे.

थंडीतून उबदार घरात आणलेल्या बंदुकीवर दव धरते आणि ते नळीच्या आतही धरते. म्हणून केप काढून बंदूक कुलपात, पण थंड जागीच, ठेवण्याची पद्धत आहे.

नेमाच्या तक्रारीत पहिला प्रश्न नळीतील पिळाचा येतो. ६६ ते ७२ इंचांत एक फेरा घेणारा संथ पीळ चिंधीत गुंडाळलेल्या वाटोळ्या गोळीसाठी असतो. २८ इंचांत फेरा घेणारा पीळ लांबट गोळीसाठी, किंवा सॅबो या प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेल्या गोळीसाठी असतो. ४८ इंचांचा पीळ ही तडजोड आहे. गोळी आणि पीळ यांचा मेळ नसेल, तर बाकी सगळे उपाय फुकट जातात.

वाटोळ्या गोळीच्या बाबतीत खरा साक्षीदार जमिनीवर पडलेला असतो. ०.५० इंची नळीत साधारणतः ०.४९० इंचाची गोळी आणि सुमारे ०.०१५ इंच जाडीची वंगण लावलेली सुती चिंधी वापरतात. बार उडाल्यावर ती चिंधी पाच-सात पावलांवर पडते. ती उचलून पाहावी. मधोमध काळा डाग, त्याभोवती पिळाच्या पट्ट्यांचे फिकट ठसे आणि कापड शाबूत, अशी चिंधी असेल तर भरणी ठीक आहे. ती करपून भोक पडले असेल, तर कापड पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त आहे. ठशांच्या रेषेत सुरीने कापल्यासारखे चिरे असतील, तर नळीच्या तोंडाची कड किंवा आतले कंगोरे धारदार आहेत. निशाणाच्या कागदावरची भोके मोजत बसण्यापेक्षा या चिंध्या वाचल्याने निदान लवकर होते.

त्यानंतर एकसारखेपणा पाहावा. दारू डोळ्यांनी अंदाजून न घालता मापाने घालावी, गज दर वेळी सारख्याच जोराने दाबावा आणि दोन बारांच्या मध्ये एक ओलसर व एक कोरडी चिंधी फिरवावी. ट्रिपल सेव्हन या दारूने नळीत टणक काजळीचे कडे तयार होते. तिथे न पुसता ठासलेली गोळी वरच अडते. दारू, गोळी आणि वंगण या तिन्ही गोष्टी एकदम बदलणाऱ्याला दोष कधीच सापडत नाही; एका वेळी एकच गोष्ट बदलून, ५० यार्डांवर टेकूवरून तीन-तीन बार टाकून पाहावे. त्याआधी दुर्बिणीचे स्क्रू आणि दस्ता नळीला धरणारे स्क्रू घट्ट आहेत ना, हे तपासावे. कित्येक तक्रारी इथेच मिटतात. चकमकीच्या बंदुकीत वाटीतील भडक्याने डोळे मिटले जातात आणि गोळी बाहेर पडण्याआधीच नळी ढळते, हा नेमबाजाचा दोष बंदुकीच्या माथी मारला जातो.

एक वाद मात्र मिटत नाही. तेल लावलेल्या स्वच्छ नळीतून सुटणारी पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपासून थोडी बाजूला लागते, म्हणून काही शिकारी निघण्यापूर्वी एक बार रिकामा उडवून नळी काजळलेलीच ठेवतात. परंतु काळ्या दारूच्या काजळीतील पोटॅशियम कार्बोनेट हवेतील ओल ओढते, आणि रात्रभरात नळी गंजू लागते व दारू भिजते. दमट हवेत नळी तेल पुसून कोरडी करावी आणि माशी (नळीवरची नेम धरण्याची खूण) त्याच कोरड्या नळीतून सुटलेल्या पहिल्या गोळीवर जुळवून घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे दिसते, कारण हरणावर बहुधा तेवढी एकच गोळी सुटते.