फटी बुजवणे आणि उष्णतारोधक थर लावणे: थंडीत आधी काय करावे?

थंडीत घरातली ऊब दोन वाटांनी जाते. दारे-खिडक्यांच्या फटींतून उबदार हवाच बाहेर निसटते आणि तिच्या जागी गार हवा आत येते, ही झाली गळती. हवा जागची न हलताही भिंत, छत आणि काच यांच्यातून उष्णता आरपार जाते, हे झाले वहन. गळतीवर रबरी पट्टी, सिलिकॉन किंवा दाराखालचा ब्रश हा उपाय आहे, तर वहनावर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), थर्माकोल यांचा थर किंवा दुहेरी काच. हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच अनेकदा भिंतीवर भरपूर पैसा खर्च होतो आणि खोलीत वारा मात्र शिरतच राहतो.

कुठून किती ऊब जाते, हे ढोबळ हिशेबाने काढता येते. ३० घनमीटरच्या खोलीत साधारण ३६ किलो हवा असते आणि ती २० अंशांनी तापवायला जेमतेम ०.२ युनिट वीज पुरते. पण फटींमुळे ही सगळी हवा तासाला एकदा बदलत असेल, तर तेवढीच वीज दर तासाला लागते, म्हणजे २०० वॉटचा हीटर अखंड चालू ठेवल्यासारखेच. त्याच खोलीची १० चौरस मीटरची नऊ इंची विटांची भिंत, आतबाहेर २० अंशांचा फरक असताना, सुमारे ४०० वॉट उष्णता बाहेर सोडते, आणि तिला ५ सेंटीमीटर रॉकवूलचा थर दिल्यास हा आकडा जवळपास एक चतुर्थांशावर येतो. बचत भिंतीत अधिक आहे हे खरे, पण पट्टीचा खर्च त्या मानाने किरकोळ असतो आणि ती तासाभरात बसते.

फसगत होते ती खिडकीजवळ. बंद खिडकीपाशी गार झुळूक जाणवली की फट आहे असे आपण धरून चालतो. मात्र गार काचेला लागून थंड झालेली हवा जड होऊन खाली उतरते, तेव्हाही अगदी तशीच झुळूक लागते. पेटती उदबत्ती पडद्यापासून सांभाळून चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवावी. धूर एखाद्या जागी आडवा ढकलला किंवा ओढला गेला, तर तिथे फट आहे. काचेसमोर तो नुसता खाली घसरत असेल, तर दोष काचेचा आहे आणि तिथे कितीही सिलिकॉन भरले तरी फरक पडणार नाही. तिथे दुहेरी काच किंवा निदान जाड पडदा हवा.

माझ्या मते आधी फटीच बुजवाव्यात, आणि त्याला केवळ स्वस्ताईचे कारण नाही. रॉकवूलसारख्या तंतुमय थराची सारी करामत त्यात अडकलेल्या स्थिर हवेत असते. त्यातून वारा वाहू लागला की थराचा उपयोग बराच घटतो. उबदार हवा वर चढत असल्याने छतालगतच्या आणि पोटमाळ्याच्या झडपेभोवतीच्या फटी आधी पाहाव्यात, कारण तिथून हवा निसटली की तेवढीच गार हवा खालून आत ओढली जाते.

फटी बुजवताना हवा खेळण्यासाठी मुद्दाम ठेवलेले झरोके मात्र बंद करू नयेत. श्वासातला आणि स्वयंपाकाचा ओलावा आत कोंडला, तर तो गार भिंतीवर साचून बुरशी धरते. खोलीत कोळसा, रॉकेल किंवा गॅस जळत असेल, तर प्रश्न बुरशीपुरता राहत नाही: कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि बंद खोलीत तो झोपेतच जीव घेऊ शकतो.