करार १६९ वेगळा, २००७चा जाहीरनामा वेगळा

नऊ ऑगस्ट, म्हणजे जागतिक आदिवासी दिन जवळ आला की धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपड्यात फलक लागतात आणि तहसीलदारांना द्यायच्या निवेदनांत तेच वाक्य येतं : ‘आयएलओ करार १६९ भारत सरकारवर बंधनकारक आहे.’ नाही हो. आदिवासींच्या हक्कांचा हा आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारलेलाच नाही.

आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा तुम्हाला ठाऊक आहे : १३ सप्टेंबर २००७, संयुक्त राष्ट्रांची आमसभा, ४६ कलमं, भारताचं मत बाजूने. (तो ९ ऑगस्टला झाला असं भाषणांत सांगतात. ती तारीख संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींविषयीच्या कार्यगटाच्या १९८२मधल्या पहिल्या बैठकीची आहे, पण ते एक असो.) करार १६९ आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (आयएलओ), १९८९चा. जमीन, संस्कृती, सल्लामसलत हे विषय दोन्हीकडे आहेत, म्हणून गल्लत होते.

खरी मेख पुढे आहे. करार देशाने स्वतः अनुसमर्थन, म्हणजे तो पाळण्याची औपचारिक मान्यता, दिल्याशिवाय लागू होत नाही. नेपाळने २००७ मध्ये दिलं, तिथे १६९चा दाखला देता येतो. जाहीरनाम्याला मात्र अनुसमर्थन ही भानगडच नाही. बाजूने मत दिलेल्या देशालाही तो करारासारखा बांधत नाही. त्यातून भारताची भूमिका अशी की स्वातंत्र्याच्या वेळचे सगळेच भारतीय आणि त्यांचे वंशज इथले मूळनिवासी. सगळेच मूळनिवासी, तर आदिवासींचा वेगळा हक्क उरत नाही. म्हणजे ज्या मताचा आपण अभिमानाने दाखला देतो, त्यालाच पळवाट जोडलेली.

मग हाती काय उरतं? आयएलओचाच करार १०७. हा करार १९५७चा, आणि भारताने १९५८ मध्ये त्याला अनुसमर्थन दिलंय. १६९ आल्यावर तो नव्या देशांना बंद झाला, पण आधीच स्वीकारलेल्यांना आजही लागू आहे. कलम ११ परंपरेने वहिवाटीत असलेल्या जमिनीवरची मालकी मानतं, वैयक्तिकही आणि सामूहिकही. कलम १२ म्हणतं, उठवायचं ते अपवाद म्हणून, आणि बदल्यात निदान तेवढ्याच प्रतीची जमीन. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची तपासणी करणाऱ्या जागतिक बँकेच्या मोर्स समितीने १९९२ मध्ये याच कराराचा आधार घेतला होता, आणि मणिबेलीसकट बुडितातली ३३ गावं आपल्याच अक्कलकुवा-धडगावची. तरीही आमच्या निवेदनांत १०७ सापडत नाही! करार जुनाट आहे हे खरं. त्याला आदिवासी ‘मुख्य प्रवाहात’ विरघळायला हवेत, ‘आर्थिक विकासा’साठी उठवायची वाटही तो मोकळी ठेवतो. मला तो अजिबात आवडत नाही. पण सरकारने स्वीकारलेला कागद तोच आहे.

हवामानाचा मुद्दा असेल, म्हणजे मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत अवकाळी पाऊस किंवा चराईच्या रानात पर्यायी वनीकरणाचे (तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात करायच्या लागवडीचे) खड्डे, तर पॅरिस करार काढा. त्याला भारताने २०१६ मध्ये अनुसमर्थन दिलंय. प्रस्तावनेत आदिवासींच्या हक्कांचा उल्लेख आहे, आणि कलम ७(५) म्हणतं की बदलत्या हवामानाशी जुळवून घेताना त्यांच्या ज्ञानाचाही आधार घ्यावा.

कोर्टात मात्र यातला कुठलाच कागद एकटा पुरत नाही. देशातला कायदा लागतो. म्हणून निवेदनात पहिलं नाव वनहक्क कायदा, २००६चं : गौण वनोपजावरच्या मालकीसाठी कलम ३(१)(ग), दावा निकाली निघेपर्यंत कुणाला हटवू नये यासाठी ४(५), सोबत ग्रामसभेचा ठराव. त्याखाली १०७ आणि पॅरिस. जाहीरनामा सगळ्यात शेवटी, पाठबळ म्हणून. १६९ची ओळ खोडून टाका.