पाणचक्की

पाणचक्की म्हणजे वाहत्या पाण्याच्या जोरावर दळणारी गिरणी. लोक फोटो काढतात ते चाकाचा, पण चक्कीचा सगळा जीव असतो तो वरच्या अंगाला, म्हणजे नदीला घातलेला बंधारा, तिथून काढलेला पाट, पाणी सोडायची झडप आणि चाकावर पडणारी धार. चाक कुजलं तर सुतार नवीन करून देतो, बंधारा फुटला किंवा पाण्याचा हक्क गेला की चक्की बंदच.

सगळ्यात साधा प्रकार आडव्या चाकाचा. उभ्या दांड्याला खाली पाती आणि वर थेट जात्याची वरची तळी, मध्ये गिअर वगैरे काही नाही, हिमालयातले घराट अजूनही असेच चालतात. उभ्या चाकाची चक्की रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने इसवीसनपूर्व पहिल्या शतकात लिहून ठेवलीय, त्यात दातेरी चाकं लावून फिरण्याची दिशा बदलतात. पुढे दुसऱ्या शतकात फ्रान्समधल्या आर्ल गावाजवळ बार्बेगालला डोंगरउतारावर दोन रांगांत एकाखाली एक अशी 16 चाकं बसवली होती, आणि इंग्लंडमध्ये 1086 च्या पाहणीत तर साडेपाच-सहा हजार चक्क्या नोंदल्या गेल्या, म्हणजे छोट्याछोट्या गावातसुद्धा ही गोष्ट नेहमीचीच झालेली.

पाणी चाकाच्या खालून ढकलावं की वरून पाडावं हा जुना वाद. इंग्लिश अभियंता जॉन स्मीटनने लहान मॉडेल करून प्रयोग केले आणि 1759 मध्ये दाखवून दिलं की वरून पडणारं पाणी साधारण दुप्पट काम करतं, कारण तिथे पाण्याचं वजन कामाला येतं. पण त्यासाठी उंची लागते, सपाट मुलखात ती आणायची कुठून, मग लांबच्या लांब पाट खणत बसा.

आत दगडांचं काम भारी नाजूक. मोठं चाक मिनिटाला जेमतेम दहाबारा फेरे घेतं, गिअरमुळे वरची तळी मात्र शंभरच्या वर फिरते, खालची हलत नाही. दोन्हीच्या तोंडावर खाचा असतात, त्या झिजल्या की दगड उचलून पुन्हा टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने खाचा ताज्या करायच्या. दाणे संपले आणि दगडाला दगड घासला तर ठिणगी उडते, हवेत पीठ तरंगत असतं आणि इमारत बहुतेक लाकडी, त्यामुळे दाणे संपत आले की वाजणारी घंटा बसवायचे. बऱ्याच ठिकाणी लोखंडी दात्यांसमोर मुद्दाम लाकडी दाते ठेवायचे, आवाज कमी आणि काही अडकलं तर एखादा लाकडी दाताच तुटणार, अख्खं चाक नाही. मला तर सगळ्या चक्कीत हीच युक्ती सगळ्यात हुशार वाटते.

चक्कीवाल्यावर गावाचा विश्वास जरा कमीच असायचा, कारण मजुरी पैशात नाही तर दळणातूनच काढून घ्यायची पद्धत, आणि मापही त्याच्याच हातात. युरोपात तर कित्येक ठिकाणी जमीनदाराच्याच चक्कीवर दळायची सक्ती होती, घरचं जातं वापरलं तरी दंड, फ्रान्समध्ये हे क्रांतीनंतर 1793 पर्यंत मोडीत निघालं. शेजारच्या चक्क्यांची भांडणं वेगळीच. खालच्याने बंधारा थोडा उंच केला की पाणी तुंबून वरच्याच्या चाकात शिरतं आणि ते अडखळतं, मग कोर्टकचेऱ्या, शेवटी पाण्याची हद्द दाखवणारा दगड रोवायचा.

वाफेचं इंजिन आल्यावर नदीकाठी राहायची गरज उरली नाही, तरी छोट्या चक्क्या बरीच वर्षं टिकल्या, पाणी फुकटच ना. खरा दणका दिला तो 1870 नंतर पसरलेल्या पोलादी रोलरच्या मोठ्या गिरण्यांनी, त्यांचं पांढरंशुभ्र पीठ रेल्वेने कुठेही पोचायचं. काही ठिकाणी त्याच पाटावर टर्बाइन बसवून वीज काढायला लागले, फ्रान्समधल्या तुलूझची मध्ययुगापासूनची बाझाक्ल चक्की अशीच वीजकेंद्र झाली. बाकीच्या पडल्या, नाहीतर राहती घरं झाल्या. आता वाद पुन्हा बंधाऱ्यावरच येऊन थांबलाय, मासे वर जाऊ शकत नाहीत म्हणून तो पाडा असं एक बाजू म्हणते, तर दुसरी म्हणते बंधारा पाडला की पाट कोरडा पडणार आणि चाक नुसतं शोभेचं राहणार, मधला मार्ग म्हणून काही ठिकाणी बंधाऱ्याच्या कडेला माशांसाठी पायऱ्या बांधतात.