अर्थार्जनाची वाटणी (दांपत्यांतील)

घरात पैसे आणणारे काम नवरा-बायकोपैकी कोणी, किती आणि कुठे करायचे याची, बहुधा न बोलताच ठरलेली व्यवस्था. ‘ती पण नोकरी करते’ या वाक्यातला ‘पण’ तिच्याबद्दल बरेच सांगून जातो.

एकाने कमाईत आणि दुसऱ्याने घरकामात तरबेज व्हावे, त्यात कुटुंबाचा एकूण फायदा असतो, असे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर (नोबेल, १९९२) यांचे प्रतिपादन. त्यांच्या हिशोबात लोकलची गर्दी धरलेली नाही. ठाण्यातल्या दोन पगारांच्या घरात सहसा एक नोकरी ‘लांबची’ आणि एक ‘जवळची’ असते. लांबची फोर्टात किंवा अंधेरीला. जवळची म्हणजे शाळेतून फोन आला तर अर्ध्या तासात पोचता येईल अशी: शिक्षिकेची, पतपेढीतली, दवाखान्यातली. जवळची बहुधा बायकोची, आणि पगारही तिचाच कमी. पगार कमी म्हणून जवळची धरली, की जवळची धरली म्हणून पगार वाढला नाही, याचा उलगडा घरोघरी व्हायचाच आहे. २००४ साली ठाणे–वाशी मार्गावर प्रवासी लोकल सुरू झाल्यावर ऐरोली, रबाळे ‘जवळ’च्या यादीत आले.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत वाटणी घड्याळावर चालते. घाऊक भाजी बाजारात रात्रभर गाड्या खाली करून तो सकाळी घरी येतो, तेव्हा ती वाशीला तीन घरची धुणी-भांडी करायला निघालेली असते. किल्ली शेजारी, मुलाचे दप्तर दाराशी, डबा भरलेला. शाळेत सोडायचे काम त्याचे. डबा मात्र तिनेच भरलेला असतो.

कमाई वाटली गेली तरी घरकाम त्या मानाने वाटले जात नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८.

प्राप्तिकर इथे आड येत नाही. भारतात तो जोडप्याला नव्हे, प्रत्येकाला स्वतंत्र लागतो. त्यामुळे बायकोची मिळकत नवऱ्याच्या वरच्या टप्प्यात ओढली जात नाही. अडते ते पाळणाघर बंद व्हायच्या वेळेशी. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली, आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा आईला दिली. बापाचा त्यात उल्लेख नाही.