परिषद येते, यजमान शहराच्या वाट्याला काय येतं?

काँग्रेसचं पहिलं अधिवेशन डिसेंबर १८८५मध्ये पुण्यात भरायचं ठरलं होतं. ऐन वेळी शहरात पटकीची साथ आली आणि ७२ प्रतिनिधींची बैठक मुंबईला, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात हलवावी लागली. यजमान गावाचं आरोग्य आणि बाहेरून येणारी माणसं हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

पुढे अधिवेशनं दरवर्षी नव्या शहरात भरू लागली. मंडप, मुक्काम, भोजनव्यवस्था आणि वर्गणी हे सगळं स्थानिक स्वागत समितीच्या अंगावर पडे. १९०१च्या कलकत्ता अधिवेशनाचं गांधीजींनी आत्मकथेत केलेलं वर्णन आजही वाचवत नाही. संडास मोजके, दुर्गंधी असह्य आणि सफाई हे आपलं काम नाही असं मानणारे स्वयंसेवक. शेवटी गांधीजींनी स्वतः झाडू मागून घेतला. अधिवेशन आणखी लांबलं असतं तर साथ पसरायला पुरेपूर वाव होता, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे. १९२०मध्ये नागपूरला १४ हजारांहून अधिक प्रतिनिधी आले. एवढ्या माणसांचं पाणी, शिधा आणि मैला म्हणजे काय प्रकरण असेल!

या सगळ्यावर गंभीरपणे विचार झाला तो फैजपूरला. डिसेंबर १९३६चं हे अधिवेशन काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि पूर्व खानदेशातल्या या गावात धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी तयारीसाठी जिवाचं रान केलं. गांधीजींचा आग्रह होता की खेड्यातलंच सामान आणि खेड्यातलेच कारागीर वापरायचे. शांतिनिकेतनहून आलेले चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि तट्ट्यांमधून अधिवेशनाचं ‘टिळकनगर’ सजवलं. खर्च झालेला पैसा शक्य तितका त्याच पंचक्रोशीत राहावा आणि मंडप उतरला की सामान पुन्हा कामाला यावं, हा हिशेब त्यात होता. मला हा प्रयोग स्वातंत्र्यचळवळीतल्या मोठ्या भाषणांइतकाच मोलाचा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर परिषदांसाठी कायमच्या इमारती आल्या. दिल्लीचं प्रगती मैदान १९७२चं. तिथला वास्तुविशारद राज रेवल आणि अभियंता महेंद्र राज यांचा ‘हॉल ऑफ नेशन्स’ हा प्रदर्शन-हॉल २०१७मध्ये पाडला गेला आणि २०२३मध्ये सुमारे २,७०० कोटी रुपयांचं ‘भारत मंडपम’ संकुल उभं राहिलं. त्याच वर्षी जी-२०च्या बैठका देशातल्या सुमारे ६० शहरांत झाल्या. आपल्याकडे मुंबई, पुणे, औरंगाबाद आणि नागपूरला त्या झाल्या. रस्ते डांबरले, दुभाजक रंगले, आणि मुंबईत काही झोपड्यांपुढे पडदे लागले. सप्टेंबरच्या शिखर परिषदेसाठी नवी दिल्ली परिसरातली दुकानं तीन दिवस बंद होती. हॉटेलांच्या खोल्या भरल्या, पण हातावर पोट असलेल्या फेरीवाल्याचे ते तीन दिवस कुणी भरून दिले नाहीत. परिषदेचा फायदा मोजताना ही वजाबाकी क्वचितच होते.

पर्यावरणाचा हिशेब तर शहराच्या हाताबाहेरच जातो. २०२१च्या ग्लासगो हवामान परिषदेच्या कार्बन उत्सर्जनाचा प्राथमिक अंदाज सुमारे १ लाख २ हजार टनांचा होता, आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा. मंडपात प्लास्टिकबंदी केली तरी हा आकडा फारसा हलत नाही.

२०२५मध्ये ब्राझीलने ही परिषद मुद्दाम ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेमला नेली. ज्या जंगलाबद्दल बोलायचं ते आधी जगाने पाहावं, ही राष्ट्राध्यक्ष लुला यांची भूमिका फैजपूरच्या विचाराच्या जवळची होती. पण शहरात पुरेशा खोल्याच नव्हत्या. दर इतके चढले की गरीब देशांना आपली पथकं लहान करावी लागण्याची वेळ आली, आणि प्रतिनिधींच्या मुक्कामासाठी दोन क्रूझ जहाजं आणून उभी करावी लागली. परिषदेच्या निमित्ताने सखल वस्त्यांमधले नाले आणि सांडपाण्याची कामंही हाती घेतली गेली. ती कुठल्या वस्तीपर्यंत पोहोचली, हे बेलेमचे रहिवासी दर पावसाळ्यात तपासतील.