‘चालंल की’ म्हणजे हो की नाही?

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या हमालांसाठी ट्रॉली करायची, असं आमच्या शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी ठरवलं. ५० किलोची गोणी माणसाने पाठीवरून का न्यावी, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. प्रोजेक्टचा गाइड मी. मुलांनी १५ माथाडींच्या मुलाखती घेतल्या आणि आठवड्याभरात पाठपोट छापलेला अहवाल टेबलावर ठेवला. १५ पैकी १३ जणांना ट्रॉली पसंत.

म्हटलं, जरा रेकॉर्डिंग ऐकवा.

मोबाइलवर मुलगा विचारतोय, “काका, अशी ट्रॉली मिळाली तर त्रास कमी होईल ना?” चार-पाच सेकंद काहीच नाही. मागे कुणीतरी टेम्पो मागे घ्यायला ओरडतंय. मग काका म्हणतात, “चालंल की.”

तक्त्यात याची नोंद ‘पसंती’.

आता चहा पुचाट झाला तरी पाहुणा म्हणून आपण ‘चालेल’च म्हणतो. शिवाय प्रश्नाच्या शेवटी तो ‘ना’ होता. त्यात उत्तर आधीच भरून दिलेलं होतं.

लॅबमध्ये लोखंडाची सळई ओढून तोडताना ती कोण ओढतंय हे बघत नाही. माणूस बघतो. म्हणून माणसांच्या बोलण्यावरून डिझाइन करायचं तर मोजमापाची शिस्त वेगळी लागते. तिला गुणात्मक संशोधन म्हणतात. आमच्या मेकॅनिकलवाल्यांच्या लेखी या नुसत्या गप्पा. पण गप्पांनाही कसोट्या आहेत, आणि त्या चांगल्या कडक आहेत.

यिव्होना लिंकन आणि इगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये चार कसोट्या मांडल्या. सांगणाऱ्याला स्वतःचं म्हणणं त्यात ओळखू येतं का? दुसऱ्या जागी ते कितपत लागू पडेल, हे ठरवण्यापुरतं वर्णन दिलंय का? काम कसं झालं, त्याचा माग काढता येतो का? आणि निष्कर्ष माहितीतून आलाय की संशोधकाच्या हौसेतून? चौथ्या कसोटीवर आमची पोरं सपशेल आपटली, कारण ट्रॉलीचं ड्रॉइंग मुलाखतींच्या आधीच तयार होतं.

दुसरी कसोटी मला विशेष आवडते. तुर्भ्याची ट्रॉली ठाण्याच्या जांभळी नाक्यावर चालेल का? संशोधकाने छातीठोक ‘हो’ म्हणायचं नाही. वाट किती रुंद, फरशी ओली असते का, पायाखाली कांद्याचा पाला किती, कमाई गोणीवर की दिवसावर, हे सगळं लिहायचं. चालेल की नाही, ते ठाण्याचा माणूस ठरवील.

मग मी दोन मुलांना तेच संवाद वेगवेगळ्या खोल्यांत बसवून पुन्हा वाचायला लावले. एकाने ‘चालंल की’ पसंतीत टाकलं, दुसऱ्याने तक्रारीत. वाचणाऱ्यांचं किती जुळतं हे मोजतात, पण त्यात एक गंमत आहे. समजा १०० वाक्यं आहेत आणि ८० वाक्यांवर दोघांचं जुळलं. ऐकायला झकास. पण दोघांनीही प्रत्येकी ९० वाक्यं पसंतीत टाकली असतील, तर डोळे मिटून त्याच प्रमाणात टाकली असती तरी सरासरी ८२ जुळली असती. हा योगायोगाचा वाटा वजा करायची रीत जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिली. त्या आकड्याला काप्पा म्हणतात. पूर्ण एकमत असेल तर तो १ येतो, निव्वळ योगायोग असेल तर शून्य. आपल्या उदाहरणात तो येतो उणे ०.११. वाक्यं काढून बघितली की कारण दिसतं. जुळलेली ८० च्या ८० पसंतीची. एकाने तक्रार म्हटलेली दहा दुसऱ्याने पसंतीत टाकली, दुसऱ्याची दहा पहिल्याने. तक्रार कशाला म्हणायचं, यावर दोघांचं एकदाही एकमत नाही!

पंधरा माणसं पुरतात का, हे मला नेहमी विचारलं जातं. ॲबी ग्रिफिन आणि जॉन हाउझर यांनी १९९३ मध्ये दाखवलं की, २० ते ३० मुलाखतींत ग्राहकांच्या सुमारे ९० टक्के गरजा कळतात. तेव्हा आकडा अगदीच वाईट नव्हता. खरी गोम वेळेची होती. मुलं पोहोचली अकराला. पहाटेपासूनची घाई ओसरलेली, जे मोकळे बसले होते तेच बोलले, आणि तेही टोळीच्या मुकादमासमोर. मुकादम शेजारी असताना कामाबद्दल कोण वाकडं बोलेल?

अभियांत्रिकी शिक्षणावर संशोधन करणारे योआखिम वाल्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचा विचार कारखान्याच्या भाषेत केला. रबाळे-महापेच्या शॉपफ्लोअरवर काम केलेल्या कुणालाही तो पटेल. तयार मालातला खराब नग शेवटी वेगळा काढणं म्हणजे क्वालिटी नव्हे, ती प्रक्रियेतच सांभाळावी लागते. तसंच इथे, माहिती गोळा करताना एकदा आणि तिचा अर्थ लावताना पुन्हा. अहवाल छापल्यावर माझ्यासारख्याने लाल पेन चालवून काही होत नाही. (तरी मी चालवलंच.)

मुलं पुन्हा गेली, या वेळी पहाटे. ड्रॉइंग घरी ठेवून. सुरुवातीला नुसती उभी राहिली. ट्रकचा फाळका उघडला, हौद्यातल्या दोघांनी गोणी पाठीवर दिली आणि माणूस थप्पीकडे सरसर निघून गेला. ट्रॉली मध्येच वळली नसती, आणि ती भरेपर्यंत याच्या दोन खेपा झाल्या असत्या. मग मुलाने फक्त विचारलं, “काका, सगळ्यात जड काय जातं?”

“वझं न्यायाचं काय न्हाय ओ. खालनं उचलताना दम निघतोय.”

म्हणजे थप्पीतली गोणी जमिनीवरून पाठीवर घेताना. हे वाक्य, त्याचा मिनिट आणि सेकंद, आणि त्यावरून काढलेलं कमरेइतक्या उंचीच्या घडवंचीचं चित्र, असं तिन्ही आता वहीत एकाच पानावर आहे. तेच पान त्यांनी काकांना वाचून दाखवलं. काकांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “ह्ये कमरंएवढं कुनाच्या? माझ्या का त्या किसनाच्या?”

किसन काकांपेक्षा वीतभर उंच आहे. पुढच्या मंगळवारी मुलं टेप घेऊन जाणार आहेत.